हापशीकाकांचं सांगणं

हापशीकाका पाणी आधी जिभेच्या टोकावर घ्यायचे. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि मग निकाल द्यायचे: "गोड", "मचूळ" नाहीतर "खारं". संग्रामपूर तालुक्यातल्या कुठल्या हापशीचं पाणी उन्हाळ्यात कसं बदलतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सगळी नोकरी हातपंप दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांचं खरं नाव आमच्या चर्चच्या रजिस्टरात तेवढं होतं.

पाणी वाईट निघालं तर ते कुणाची भीड ठेवत नसत. एकदा नव्या हापशीच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हार काढा साहेब. हे पानी ढोरं बी नाही पेत." लोक हसले, काका हसले नाहीत. त्यांची बायको किडनीच्या आजारानं गेली होती. घरासमोरच्या हापशीचं खारं पाणी ती वर्षानुवर्षं प्यायली. "ते हापशी म्याच दुरुस्त करत होतो बाई," ते मला म्हणाले होते, "चालू हाये म्हनून खुश होतो. पेऊ नको, हे सांगाचं राह्यलं."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या चर्चनं सहा जणांना तीन आठवड्यांच्या सेवेसाठी आफ्रिकेत मलावीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा काकांचं नाव पहिलं होतं, कारण तिथल्या खेड्यांतले बंद पडलेले हातपंप आपल्याकडच्यासारखेच होते. दुभाषी म्हणून मला घेतलं. काका वऱ्हाडीत बोलायचे, मी ते इंग्रजीत सांगायची आणि तिथले पास्टर त्यांच्या भाषेत. पण कामाच्या वेळी काकांना आमची गरज नसे. "या माय, हे नळी धरा," असं ते तिथल्या बायांना म्हणायचे आणि त्या बरोबर नळी धरायच्या. जेवताना त्या मक्याचा मऊ गोळा त्यांच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढायच्या. "आपल्या ज्वारीच्या घाट्यावानीच हाये," म्हणत काका तो चाटूनपुसून खायचे.

तीन हापशा चालू झाल्या. चौथं गाव शेवटचं. तिथली हापशी दोन वर्षं बंद होती आणि बाया नदीचं गढूळ पाणी आणत होत्या. काकांनी दोन दिवस खपून सगळी नळी वर काढली, वायसर बदलले. पाणी आलं तेव्हा बाया नाचू लागल्या. आमच्या पथकाचे प्रमुख फोटो काढत होते. काकांनी ओंजळीतला थेंब जिभेवर घेतला आणि तिथंच मातीत बसले.

"खारं हाये," ते म्हणाले. "आमच्या घरापुढचंच पानी हाये हे. बाई, त्याइले सांगा, धुनंभांडं करा, पन पेऊ नका. लेकराइले तं बिलकुलच देऊ नका."

मी प्रमुखांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "उद्या आपण निघणार. किती आनंदात आहेत बघ. आत्ता नको. चार दिवसांत पाणी निवळेल म्हण."

आणि मी पास्टरांना इंग्रजीत तेच सांगितलं. त्यांनी ते बायांना सांगितलं. एका म्हातारीनं काकांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. काकांना वाटलं, खरं सांगितल्याबद्दल ती आभार मानते आहे. ते रडायला लागले.

परत आल्यावर चर्चमध्ये कुणीही प्रवासाचं विचारलं की काका त्या चौथ्या गावाचंच सांगायचे. "तिथं पानी नाही देता आलं, पन खरं सांगून आलो. बाईनं बराबर सांगतलं." मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

आठ महिन्यांनी काकांच्याच किडन्या गेल्या. बुलडाण्याच्या दवाखान्यात त्यांची मुलगी दिवसभर असायची आणि शाळा सुटली की मी जायची. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून काका प्रत्येक कागद माझ्याकडून वाचून घ्यायचे. "बाई सांगते ते खरं," असं नर्सला म्हणायचे. एके दिवशी ते वाक्य मला सोसवलं नाही. पलंगाशी बसून मी सगळं सांगितलं.

काका एवढंच म्हणाले, "फोन लावा."

मी पास्टरांना फोन लावला. काका त्या दिवशीचेच शब्द पुन्हा बोलले आणि मी एकही न गाळता ते इंग्रजीत सांगितले. मग पास्टर म्हणाले, "बाया रोज चव घेऊन बघतात. पाणी निवळेल म्हणून वाट बघत पीत राहिल्या. लहान मुलंही." हेही मी काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"काका, मला माफ करा," मी म्हणाले.

"तुमाले काय माफ करू बाई," ते म्हणाले. "त्याइले इचारा."

त्यानंतर ते सहा दिवस होते. माझ्यावर रागावले नाहीत. शाळेचं विचारायचे, मी मोसंबी सोलून दिली की खायचे. शेवटच्या दिवशी डॉक्टर पलंगाशी उभं राहून दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत काही बोलले. सवयीनं मी काकांना सांगायला पुढं झाले. काकांनी माझा हात हातात घेतला, थोपटला आणि मान वळवून मुलीला म्हणाले, "पोरी, तू इचार त्याइले, काय म्हनून राह्यले ते."

तिला इंग्रजी येत नव्हतं. ती डॉक्टरांच्या मागं व्हरांड्यात गेली. ती परत येईपर्यंत मी काकांचा हात धरून बसून राहिले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला माहीत होतं आणि काकांनी मला विचारलं नाही.