कपाटात ठेवलेलं माझं अर्धं पोट

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. नवी कवळी खाताना टकटक वाजायची. म्हणून ती वाटीत काढून ठेवायची आणि संत्र्याच्या फोडी चोथ्यासकट गिळून टाकायच्या. वाशीच्या फळबाजारातून हे पिशवी भरून संत्री आणत. मालिका संपेपर्यंत सहा तरी उडायची. वर सोसायटीभर फुशारकी, 'माझं पोट दगडसुद्धा पचवतं!'

याच पोटात दोन वर्षांपूर्वी अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं. "बारीकसं भोक होतं, दोन टाके घातले," हे म्हणाले. मी मान डोलावली. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

त्या थंडीत पोटात कळा सुरू झाल्या. उलट्या हिरव्यागार, पोट डेऱ्यासारखं फुगलेलं, वारासुद्धा सरेना. इस्पितळात नाकातून नळी घालून दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी पोट पुन्हा उघडलं.

शुद्धीवर आले तर सर्जन खाटेशी उभे.

"मावशी, लहान आतड्यात गोळा अडकला होता. संत्र्याच्या चोथ्याचा, लिंबाएवढा. असं क्वचितच होतं म्हणा. पण तुमचं अर्धं जठर काढलेलं, तिथे चोथा दळला जात नाही. संत्री टाळा, सगळं बारीक चावून खा, असं मागे लिहून दिलं असेल ना?"

"अर्धं?" मी विचारलं.

हे खिडकीबाहेर बघू लागले. डबा घेऊन आलेली वरच्या मजल्यावरची मैत्रीण उगाचच पदर सारखा करू लागली. म्हणजे तिलाही ठाऊक! आणि मी तिच्याच दारात उभी राहून दगड पचवत होते.

घरी आल्यावर तो कागद निघाला. यांच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली. इंग्रजीत होता, पण 'ऑरेंज' एवढं मलाही वाचता येतं.

"तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं गं."

"आणि संत्री? ती तर तुम्हीच आणत होतात!"

"अगं, तो कागद... मी विसरूनच गेलो."

पोट माझं, टाके माझे, मरायला टेकले होते मी. बातमी मात्र मला सोडून सगळ्यांची. पोटाची जखम महिन्याभरात भरली.

पुढे कधीतरी यांच्या हृदयाचा रिपोर्ट आला. मुलगा मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजला, "आई, बाबांना नको हं सांगूस."

मी तडक बाहेर गेले, टीव्ही बंद केला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत शेवटच्या ओळीपर्यंत रिपोर्ट वाचून दाखवला.

"मला कशाला सांगितलंस?" हे कळवळून म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दगा दिला असं वाटतं म्हणे यांना.

वाटू दे.