वेळेआधी न सुटणारी गाडी

आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभी हयात शहरातली बस चालवली. आणि तीही एकाच मार्गावर. डेपोतून निघायचं ते साबणाच्या कारखान्यापर्यंत, आणि तिथून परत डेपोत. कारखान्याच्या फाटकापुढेही रस्ता जात होता, पण बाबांना तो माहीत नव्हता. फाटकाशी गाडी वळवायची, दोन घोट पाणी प्यायचं आणि माघारी फिरायचं, एवढंच त्यांना माहीत.

सासूबाई त्याच कारखान्यात साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळायच्या. रोज बाबांच्याच बसने जायच्या. पुढे त्यांचं जमलं कसं, ते दोघंही नीट सांगत नाहीत. विचारलं की बाबा पेपर उघडतात आणि आई कुकरकडे बघायला जातात.

गेल्या वर्षी आईंच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार. अंधार पडला की त्यांना काहीच दिसायचं नाही, आणि उजेडातही बाजूचं सगळं पुसत चाललेलं. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन आईंनी चप्पल काढली आणि म्हणाल्या, "मला समुद्र बघायचाय."

तो बाबांनीही कधी पाहिला नव्हता. समुद्र दोन दिवसांच्या रस्त्यावर. मी म्हटलं, ट्रेनची तिकिटं काढू या, झोपून जाऊ. बाबांनी मान हलवली. "ट्रेनला बाजूची खिडकी. हिला बाजूचं दिसत नाही. गाडीची पुढची काच मोठी असते. ही पुढे बसेल आणि मी चालवेन." दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना गप्प बसवणारी मी, त्या दिवशी मुकाट्याने भांडी घासायला गेले.

पण तयारी सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. बाबांनी सहलीचं चक्क वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. कुठे चहा, कुठे पेट्रोल, कुठे पाय मोकळे करायचे, कुठून कधी सुटायचं, सगळं मिनिटागणिक. नवरा म्हणाला, "बाबा, आपण फिरायला चाललोय, ड्युटीवर नाही." बाबा म्हणाले, "गाडी ती गाडीच." आमची टिल्ली, वय वर्षं सहा, तिला त्यांनी कंडक्टर नेमलं. ती मागून दोनदा टिंग टिंग म्हणाली नाही तर गाडी जागची हलायची नाही. कार्टीला तर काय, आयतं राज्यच मिळालं.

निघालो. कारखान्याचं फाटक आलं तेव्हा बाबांचा वेग आपोआप कमी झाला. हात स्टिअरिंगवर घट्ट. मग फाटक मागे पडलं आणि ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की मलाच कसंबसं ऐकू आलं, "अगं, पुढे केवढा रस्ता आहे."

त्यानंतर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. शहर संपलं आणि सपाट माळ लागला, नजर ठरेना एवढा. त्यावर पवनचक्क्या, पांढऱ्या, एकामागे एक, आणि त्यांची पाती आरामात फिरतायत. आईंनी काचेकडे तोंड केलं आणि मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली. एकेक पवनचक्की वेगळी बघत होत्या. बाबा त्यांच्या मानेच्या वेगाने गाडी चालवत होते. मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले. मी मोबाइलवर चार फोटो काढून मोकळी झाले होते, आणि मग मला माझीच लाज वाटली.

पण वेळापत्रकाचं काय करायचं? आम्ही एखाद्या ठिकाणी लवकर पोचलो की बाबा इंजिन बंद करून बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीशी असेच बसलो. चहा पिऊन झाला, बिस्किटं संपली, टिल्लीचं टिंग टिंगही झालं, तरी गाडी जागेवरच.

"बाबा, चला की," मी म्हटलं.

"अजून वेळ झाली नाही. वेळेआधी सुटलेली गाडी म्हणजे लबाडी. मागून कोणी धावत येत असेल तर?"

"कोण धावत येतंय? सगळं घर गाडीत आहे."

ते हसले, पण किल्ली फिरवली नाही. सवय म्हणा, हट्ट म्हणा. मी दातओठ खात बसले.

आणि व्हायचं तेच झालं. पुढच्या पुलावर पोचलो तर दुरुस्तीसाठी नुकताच अडथळा टाकलेला. नुकताच. आमच्या पुढची गाडी पलीकडे जाताना दिसत होती. आम्ही तिथे रखडलो ते उन्हं कलेपर्यंत. वर तिथला पोलीस काचेशी वाकून म्हणाला, "किनाऱ्याला जाताय? वादळ येतंय. आज रात्रीपासून तो रस्ता बंद, आठवडाभर तरी उघडणार नाही. उजेड आहे तोवर बघा आणि माघारी फिरा."

मला राहवलं नाही. "टपरीवर बसलो नसतो तर आत्ता पोचलो असतो," मी बोलून गेले. पूल सुटल्यावर बाबांनी गाडी अशी हाणली की नवऱ्याने वरची कडी धरली. पुढचा ठरलेला थांबा आला तसा गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थांबा सोडला असेल.

पण डोंगर आले आणि दरीत सावली उतरली. झाडं काळी दिसायला लागली. आईंनी विचारलं, "अंधार झाला का हो?"

बाबांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तिथे कोणी येणार नव्हतं. मी उगाच थांबलो."

आईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "मी यायचे ना धावत. रोज. सगळे ड्रायव्हर निघून जायचे, तुम्ही थांबायचात. म्हणून तर लग्न केलं तुमच्याशी. आता बसून काय होणार आहे? चला वर."

बाबांनी गियर टाकला. दोन वळणं, मग तिसरं, मग डोंगराचा माथा.

आणि पलीकडे उजेड होता. दरीत डोंगराची सावली होती, दिवस मावळला नव्हता. सूर्य अजून पाण्यावर हातभर वर होता आणि खाली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र. मी त्याआधी समुद्र पाहिलेला होता, पण असा नाही. टिल्ली टिंग टिंग करायची विसरली. नवरा नुसता "बाप रे" म्हणाला, तेही पुटपुटल्यासारखं.

आई उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. डाव्या टोकापासून सुरुवात केली. थोडं पाणी बघायचं, मान किंचित फिरवायची, पुढचं थोडं बघायचं. आम्ही जे एका नजरेत उरकलं ते त्या तुकड्या-तुकड्याने जोडत होत्या. वारा सुटला होता, वादळाचा असेल, पण त्यांना घाई नव्हती. एवढं लक्ष देऊन काही बघणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. उजव्या टोकाला पोचल्या आणि म्हणाल्या, "झाला. पूर्ण झाला."

सूर्य पाण्याला टेकला. मग त्या म्हणाल्या, "अहो, आता तुम्ही मध्ये या. कठड्यापाशी. तिकडे नाही, माझ्याकडे तोंड करून."

बाबा जाऊन उभे राहिले. समुद्राकडे पाठ, हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून बाजूला सरळ सोडलेले. आईंची मान थांबली. आता ती हलत नव्हती.

उजेड भराभर चालला होता. बाबा गाडीतून उतरल्यापासून आईंकडेच बघत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, "बाबा, एकदा मागे वळून बघा तरी. तुम्हीही कधी पाहिला नाहीये."

"असू दे," ते जागचे न हलता म्हणाले. "हिचं बघून होऊ दे."