धार कडूबांची, बाण डेरेकचा

१० सप्टेंबर १९९४, शनिवार. कॉव्हेंट्रीतल्या कडूबा साळव्यांच्या दारावर सकाळी साडेनऊला पोस्टमन आला आणि त्याने सहा पौंड त्र्याऐंशी पेन्स मागितले. अमेरिकेहून पार्सल आलं होतं, त्यावर जकात बसली होती. पार्सल होतं डेरेकचं. पत्ता मात्र कडूबांचा दिलेला, कारण डेरेक आणि त्याची बायको दोघंही दिवसभर कामावर आणि कडूबा तेवढे घरी. कडूबांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

कांताबाई पोळ्या लाटत होत्या. "काय आलंय त्यात?"

"बाणाची पाती. हरणं मारायची."

लाटणं थांबलं. "अहो, पुढच्या महिन्यात विजयादशमीला विहारात पंचशील कोण म्हणवून घेणार आहे?"

"मीच."

"मग ते खोकं शेडमध्ये न्या. माझ्या पिठाजवळ नको."

विहार म्हणजे महिन्यातल्या एका रविवारी आणि खास दिवसांना भाड्याने घेतलेला कम्युनिटी हॉल. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, आणि पन्नासेक माणसं. पुढे बसून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेण्याचा मान गेली सहा वर्षं कडूबांचा होता. पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं.

कडूबा औरंगाबादकडचे. आधीची दोन मुलं गेली, म्हणून आईने नजर लागू नये अशा हेतूने हे नाव ठेवलं. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट. आयटीआय करून कॉव्हेंट्रीला आले आणि अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं घडवायच्या खात्यात, ग्राइंडर म्हणून राबले. दोन वर्षांपूर्वी टूलरूम बंद झाली. मशिनं लिलावात निघाली, तेव्हा आपलंच जुनं ग्राइंडिंग मशिन त्यांनी विकत घेऊन परसातल्या शेडमध्ये बसवलं. तिथे शिंप्यांच्या कात्र्या, सुतारांचे रंधे आणि अर्ध्या गल्लीच्या सुऱ्या यायच्या. धार लावली की ती डाव्या हाताच्या केसांवर फिरवून बघायची. केस उडाले तर काम पास, नाहीतर पुन्हा दगडावर. त्यामुळे कडूबांचा उजवा हात केसाळ आणि डावा बाळासारखा गुळगुळीत असे. लग्नाला तीस वर्षं होऊनही कांताबाईंना त्याचं हसू यायचं.

डेरेक त्याच टूलरूममधला, शेजारच्या बेंचवरचा. त्याला धनुष्यबाणाचा नाद. दर रविवारी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर बाण मारायचा. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारायला कायद्याने बंदी. पण त्याचा भाऊ ब्रायन अमेरिकेत मिशिगनला राहायचा आणि तिथे परवाना काढून मारता येत असे. यंदा नोव्हेंबरात डेरेक पहिल्यांदा शिकारीला जाणार होता.

संध्याकाळी तो शेडमध्ये आला. खोक्यातून तीन तऱ्हेची पाती निघाली. एक जुन्या घाटाचं, अखंड पोलादाचं, दोन धारांचं. दुसऱ्याला ब्लेडसारखी पातळ तीन पाती, झिजली की बदलायची. तिसरं आत मिटलेलं, लागल्यावर छत्रीसारखं उघडणारं. कडूबांची मुलगी शैला कॅटलॉग चाळत होती. तिचा जन्म इथलाच, मराठी कशीबशी.

"बाबा, हा छत्रीवाला बघा ना! एकदम मस्त दिसते!"

"दिसण्यावर जाऊ नये," कडूबा म्हणाले. मग डेरेककडे वळून टूलरूममधला नेहमीचा प्रश्न विचारला. "काम कशासाठी आहे, ते आधी सांग."

डेरेक स्टुलावर बसला. "तीन वर्षांपूर्वी मी ब्रायनकडे नुसता बघायला गेलो होतो. त्याचा बाण हरणाच्या पोटात लागला. हरीण पळालं. दोन दिवस आम्ही रक्ताचे थेंब शोधत रानात फिरलो, कॅडी. नाही सापडलं. ब्रायन म्हणाला, होतं असं. मला ते अजून दिसतं." त्याने दोन धारांचं पातं उचलून पुन्हा ठेवलं. "माझ्या हातून तसं झालं तर मी धनुष्य जाळून टाकीन. म्हणून तुझ्याकडे आलो. यातलं कुठलं घेऊ?"

टूलरूममध्ये सगळे कडूबांना कॅडी म्हणत. त्या नावाने कोणी हाक मारली की त्यांच्याच्याने नाही म्हणवत नसे. शिवाय प्रश्न धारेचा होता.

पुढच्या रविवारी दोघे क्लबाच्या मैदानावर गेले. कडूबांनी भंगारातून मोटारीच्या सीटचं कातडं मिळवलं, ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ताणून बांधलं आणि वीस यार्डांवर ठेवलं. डेरेकचं धनुष्य लाकडी, साधं, फार जोराचं नव्हे. त्याने एकेक बाण सोडला, कडूबांनी स्टीलच्या पट्टीने खोली मोजली. छत्रीवालं साडेचार इंच गेलं.

"उघडण्यातच त्याचा जोर संपला," कडूबा म्हणाले. "तुझ्या धनुष्याला ते झेपायचं नाही."

दोन धारांचं पाच इंच. तीन पात्यांचं सव्वासहा.

डेरेक खूश झाला. "ठरलं तर! तीन पात्यांचं. खोक्यातून काढायचं, लावायचं. धारसुद्धा लावायला नको."

कडूबांनी पट्टी पुसली. धार लावायला नको, म्हणजे आपला हात लागायला नको. विजयादशमीला पुढे बसून पहिलं शील निर्धास्त म्हणता येईल. गप्प बसलं की सुटलो. त्यांनी पट्टी खिशात घातली, दोन पावलं गाडीकडे टाकली आणि थांबले. दोन धारांचं पातं त्यांनी पुन्हा हातात घेऊन अंगठा आडवा फिरवला. बोथट! कारखान्याने नुसता आकार देऊन पाठवलेलं. अशा अवस्थेत ते पाच इंच गेलं होतं. आणि ब्रायनचं ते हरीण दोन दिवस रानात कुठे फिरलं असेल?

"डेरेक, अजून ठरवू नकोस," ते म्हणाले. "याला धार लागायचीय."

त्या रात्री जेवताना त्यांनी कांताबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग विहारात काय सांगणार?"

विहाराचे सेक्रेटरी हरिदास वाघमारे. कडूबांचे जुने दोस्त, हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला. कडूबा त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "हरिदास, यंदा पंचशील तू म्हणवून घे. मी मागच्या रांगेत बसतो."

कारण ऐकून हरिदास खो खो हसले. "अरे, गेल्या रविवारी माझ्याकडे मटणाची तिसरी वाटी कोणी मागितली? तो बोकड काय आपण होऊन पातेल्यात बसला होता?"

"तो खाटकाने कापला."

"आणि हे हरीण डेरेक मारणार. तू कुठे आलास मध्ये?"

"धार माझी आहे ना. डेरेक परत येईस्तोवर मी पुढे बसत नाही. माझी धार कुठे लागली ते कळू दे, मग बघू."

"फारच तोलून मापून वागतोस बुवा," हरिदास म्हणाले. पण त्यांनी मानलं.

आता मागे वळणं नव्हतं, तेव्हा कडूबांनी काम मनापासून केलं. आधी बाण दोन आधारांवर ठेवून फिरवला, तर पात्याचं टोक डगमगत होतं. मोजायचा डायल लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "इंचाचे दहा हजारांश बाहेर! आणि हे लोक याला सरळ म्हणतात!" पातं काढलं, बूड घासलं, पुन्हा बसवलं. टोक स्थिर झालं. मग धार. आधी मशिनवर, मग भरड दगडावर, मग बारीक दगडावर, शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर. अशी सहा पाती. तीन संध्याकाळी शेडमधून शिट्टीचा आवाज येत होता. कांताबाई खिडकीतून शैलाला म्हणाल्या, "ऐक. पाप करायलेत आणि शिट्टी वाजवायलेत."

दुसऱ्यांदा मैदानावर गेले, तेव्हा तेच पातं, तेच धनुष्य, तोच ओला गठ्ठा. बाण नऊ इंच आत गेला. डेरेकने पट्टी स्वतः दोनदा लावून पाहिली आणि कडूबांना चक्क मिठी मारली.

"थांब," कडूबा म्हणाले. टूलरूममध्ये सही केलेल्या कार्डाशिवाय काम बाहेर जात नसे. त्यांनी एक कार्ड लिहून आणलं होतं. 'वीस यार्डांच्या आत. हरीण आडवं उभं असेल तरच. शंका आली तर नाही.' "यावर सही कर. एक तर हरीण जागच्या जागी, नाहीतर बाण झाडात. अर्धवट काम माझ्या धारेवर नको."

डेरेकने सही केली.

विजयादशमीला कडूबा मागच्या रांगेत बसले. पुढे हरिदास होते. लोकांनी वळून वळून पाहिलं. कांताबाई बायकांच्या बाजूकडून उठल्या आणि कुणाला काही न सांगता मागच्या रांगेत येऊन बसल्या.

नोव्हेंबरात डेरेक गेला. तीन आठवडे काही कळलं नाही. कडूबा कात्र्यांना धार लावत, पण शिट्टी बंद होती. फोन वाजला की आधी तेच उठत.

महिनाअखेरीच्या शनिवारी दुपारी डेरेक दारात उभा राहिला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला विटेएवढा लाकडाचा ठोकळा. चेहऱ्यावरून काही कळेना.

"लागला का?" कडूबांनी दारातच विचारलं.

"आत तर घे, कॅडी." टेबलाशी बसल्यावर त्याने खिशातून कार्ड काढलं. "पाच दिवस झाडावर बसलो. सहाव्या दिवशी सकाळी हरीण आलं. शिंगं अशी! अठरा यार्ड. आडवं. शंका नाही. कार्डावरचं सगळं जुळलं, तेव्हा मी बाण सोडला."

शैलाने आईला भराभर मराठीत सांगितलं. कांताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि?"

"दोरीचा आवाज झाला आणि ते खाली बसल्यासारखं वाकलं. बाण पाठीवरून गेला. एका केसालासुद्धा नाही लागला! वीस पावलं पळालं, वळून माझ्याकडे बघितलं, आणि चालत निघून गेलं. चालत, बरं का!" त्याने वर्तमानपत्र सोडलं. ओकच्या ठोकळ्यात पातं पार रुतलेलं होतं. "हे काही केल्या निघेना. शेवटी ब्रायनने करवतीने झाडाचा तुकडाच काढून दिला. म्हणाला, ज्याने धार लावली त्यालाच काढू दे."

कडूबा उठले. ठोकळा घेऊन शेडमध्ये गेले, मागोमाग सगळे. ठोकळा व्हाइसच्या पकडीत धरला, छिन्नीने हळूहळू लाकूड सोडवलं. पातं बाहेर आलं. टोक किंचित मुडपलं होतं. मागची धार त्यांनी कापडाने पुसली, उजव्या हाताची बाही वर सारली, कारण डाव्यावर आता काही शिल्लकच नव्हतं, आणि पातं फिरवलं. केस उडाले.

कडूबा हसायला लागले. डेरेकही हसू लागला. बेंचला धरून, डोळे पुसत दोघे हसत राहिले.

कांताबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अहो, हरीण वाचलं म्हणून हसताय, का धार राहिली म्हणून?"

कडूबांनी श्वास घेतला. खोटं बोलू नये हेही शीलच होतं.

"दोन्ही," ते म्हणाले.

"बरं झालं खरं बोललात. चला, चहा टाकते. डेरेकला विचार गं शैला, मटण खाणार का म्हणावं. रात्री थांब म्हणावं."

सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, कडूबा पुन्हा पुढे बसले. हरिदासांनी माईक त्यांच्याकडे सरकवताना कानात विचारलं, "उजवा हात का गुळगुळीत?" कडूबांनी बाही खाली ओढली आणि पहिलं शील खणखणीत आवाजात म्हटलं.

डेरेक त्यानंतर शिकारीला गेला नाही. ब्रायनने मात्र दर वर्षी आपली पाती पोस्टाने कडूबांकडे पाठवली, आणि कडूबांनी दर वर्षी ती कार्डासकट परत पाठवली: कार्डावर सही आली की मग धार. ब्रायनची सही कधी आली नाही. ओकचा ठोकळा शेडच्या फळीवर आहे.

त्या पहिल्या पार्सलच्या जकातीचे सहा पौंड त्र्याऐंशी पेन्स डेरेककडून अजून यायचे आहेत.