पलीकडच्या काठावरचा पदर

माझ्या सुमनचा ताप काही केल्या उतरेना. संगमनेरच्या डॉक्टरांनी विषमज्वर म्हणून सांगितले, औषध दिले आणि आता वाट पाहा म्हणाले. वाट पाहणे मला कधी जमलेच नाही. मी कळसूबाईला नवस बोलले, की नवरात्रात अनवाणी शिखर चढून तुझी ओटी भरीन, पोर तेवढी मला ठेव. देवी ऐकते की नाही याची खात्री नव्हती, पण बोलले ते करणारच होते. माझ्या हट्टापुढे सासरी कुणाचे काही चालत नसे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे. मुलीजवळ सासूबाईंना बसवून मी धाकट्या दिरांबरोबर निघाले. कोळशावरची मोटार राजूरपर्यंत धापा टाकत गेली, पुढे बारी गावापर्यंत पायी. रात्रभर हस्ताचा पाऊस कोसळला आणि सकाळी पाहतो तर चढाच्या तोंडाशीच ओढा दुथडी भरलेला. मी पदर खोचून पाण्यात उतरले. पाय सरकला, तशी दिरांनी दंडाला धरून ओढले. “वहिनी, मागं फिरा. पोरीला आई नको का?” मी ऐकले नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊन पुन्हा पाण्यात उतरले, त्यांनी पुन्हा ओढले. शेवटी खडकावर बसून रडले. देवीसाठी काढलेली ओटी घरी परत आणायची नसते. तापाने फणफणलेल्या पोरीपुढे ती तशीच घेऊन उभे राहायची भीती वाटली.

तेवढ्यात पलीकडे डोंगरावरून एक बाई उतरून आली. दर्शन करून परतताना तीही पाण्याने अडली होती. माझ्या हातातला खण-नारळ तिने पाहिला आणि ओरडून म्हणाली, “ओटी मागारी नेऊ नको, बये. माझ्या पदरात टाक. मी नेते वर.”

माझा नवस आणि चढणार ही? मन घेईना. शिवाय ओटी पाण्यात पडली म्हणजे? पण ती पदर पसरून उभीच राहिली, ओटी घेताना आपण सगळ्याजणी राहतो तशी. मी तांदूळ नि नारळ खणात घट्ट बांधले, देवीचे नाव घेतले आणि फेकले. बोचके तिच्या पदरात पडले.

“कुनासाठी हाय?”

“लेकीसाठी. सुमन नाव तिचं.”

तिने मान हलवली, बोचके कपाळाला लावले आणि आली त्या वाटेने पुन्हा चढू लागली.

परतताना दीर म्हणाले, “जाईल का हो ती वरपर्यंत?” मी झपझप चालत होते. हात रिकामे होते आणि घरी जायची भीती कुठच्या कुठे गेली होती.

सुमनचा ताप पुढे हळूहळू उतरला. औषधाने की देवीने, हा वाद मी घालत नाही. ती बाई कोण, कुठली, हे कधीच कळले नाही. एवढे मात्र कळले, की हट्ट कितीही धरला तरी देवीला द्यायचे ते कधीतरी हातातून सोडावे लागते. आजही सुमन हसली की मी आधी त्या बाईला नमस्कार करते.