नसलेल्या मशीनचे इंजिनीअर

माळ्यावर जुनी मासिकं साठतात ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! ग्रुप म्हणजे तिघंच. कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मी, पीएचडी करणारा वसईतल्या गास गावचा मेल्विन आणि गणितात रिसर्च करणारी शेजारच्या होळी गावची फ्लोरी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मेल्विनच्या ओटीवर बसून आम्ही क्वांटम कॉम्प्युटरसाठी अल्गोरिदम लिहायचो. कामाचा कॉम्प्युटर अजून जन्माला यायचा होता, पण बारशाची तयारी जोरात!

*

परदेशात एका प्राथमिक क्वांटम मशीनने पंधराचे अवयव काढल्याची बातमी आली. मेल्विन नाचतच पेस्ट्री घेऊन आला. त्याच्या वडिलांनी, बस्त्यावकाकांनी, विचारलं, उत्तर काय निघालं? तीन आणि पाच, मेल्विन म्हणाला. काकांनी पेस्ट्री संपवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बाबा रे, हे बाहेर कुणाला सांगू नकोस. तुझं लग्न व्हायचंय अजून."

*

लग्नाचंच तर घोडं अडलं होतं. मेल्विन आणि फ्लोरीचं जमलेलं. फ्लोरीचे वडील इनासकाका फुलांचे बागायतदार. मुलगा करतो काय, एवढंच त्यांनी विचारलं, आणि या शहाण्याने अख्खा तास क्वांटम समजावलं! इनासकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीन नाही, आणि तू त्याचा इंजिनीअर. माझी पोरगी खाणार काय?"

झालं, नकार. फ्लोरीने घरात अबोला धरला, मेल्विनने दाढी वाढवली. मला फार वाईट वाटायचं.

*

काम मात्र चालूच होतं. अल्गोरिदम तपासायचा फुलपाड्याला, माझ्या घरच्या पीसीवर. मोठं गणित लावलं की नेमकी शेवटाला लाईट जायची. मेल्विनने वैतागून गणिताचे तुकडे केले. प्रत्येक तुकडा दोन लोडशेडिंगच्या मध्ये बसेल एवढाच! पुढे सेमिनारमध्ये एक मोठे प्रोफेसर या छोट्या टप्प्यांवर भलतेच खूश झाले. म्हणाले, सुरुवातीची क्वांटम मशीन्स एका दमात फार वेळ चालणार नाहीत, त्यांना असेच छोटे तुकडे हवेत. ही दृष्टी कुठून आली, त्यांनी विचारलं.

"सर, आमच्याकडे लाईट जाते," मेल्विन म्हणाला.

*

मग सुरक्षेचा प्रश्न आला. मशीन दुसऱ्याच्या मालकीचं असणार, आणि आपण काय मोजतोय ते त्या मालकाला कळता कामा नये. मेल्विनची युक्ती अशी की काम तुकड्यातुकड्यांत सांगायचं, मध्ये काही खोट्या सूचना मिसळायच्या. काम पुरं होतं, पण करणाऱ्याला पत्ता लागत नाही.

बस्त्यावकाकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. करणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, हे त्यांनी मेल्विनकडून दोनदा वदवून घेतलं.

*

पुढच्या रविवारी मला काकांचा निरोप आला. वसईच्या सोनाराकडून एक डबी आण, उघडू नकोस, आणि येताना एक दुधी आण. दुधी कशाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ओटीवर पोचलो तर फ्लोरी नव्या साडीत. तिला ग्रुपच्या फोटोसाठी बोलावलेलं. मेल्विन वडिलांच्या हुकमावरून गुळगुळीत दाढी करून बसलेला, का ते त्यालाही ठाऊक नाही. इनासकाका आले ते दोन मोठे हार घेऊन. ऑर्डर होती म्हणाले. मागून चर्चचे फादर आले. त्यांना विहिरीवरच्या नव्या पंपाला आशीर्वाद द्यायचा होता. नवा पंप नव्हताच!

बस्त्यावकाकांनी माझ्याकडून डबी घेऊन उघडली. आत दोन अंगठ्या.

मेल्विन पांढराफटक पडला. फ्लोरी वडिलांकडे बघत होती, डोळे भरलेले. इनासकाकांनी अंगठ्यांकडे बघितलं, मग हातातल्या हारांकडे.

"बस्त्याव, हे डोकं तुझं?"

"नाही, पोराचं. मी नुसतं चालवून बघितलं."

इनासकाकांनी एक हार फ्लोरीकडे दिला. दुसरा स्वतःच मेल्विनच्या गळ्यात घातला आणि वळले.

"फादर, पंपाचं राहू द्या. आलाच आहात तर हा साखरपुडा उरकून घ्या."