साखरपुड्याचे पाच चौकोन

वनमाला मुलुंडमधल्या विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून लागली, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. १९८७ सालची गोष्ट. त्या दुपारी आठ वर्षांची मीरा डबा खात होती. भाताला जरा आमटी लागली आणि तिने डबाच दूर ढकलला. बाहेर कुणीतरी बाक ओढला, तशी तिने कानांवर हात घट्ट दाबले. वनमाला बघतच राहिली. हे सगळं ती वीस वर्षं घरी बघत आली होती.

तिचा नवरा दत्ताराम कारखान्यात टर्नर. लेथवर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण भाताला आमटी लागलेली त्याला चालत नसे, कुणी खांद्यावर हात ठेवला की अंग चोरायचा, आणि पुतण्याच्या लग्नात ताशा वाजताच मांडवातून तडक घरी निघून आला होता. भावकीने त्याला शिष्ट ठरवलं. खरं सांगायचं तर वनमालानेही ठरवलं होतं, आणि वेळोवेळी चांगलं सुनावलंही होतं.

"बाई, आमचे हे अगदी मीरासारखेच आहेत हो." वर्गाच्या बाईंना गाठून ती एका दमात सगळं बोलून गेली.

"मी काही डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या, "पण ऑटिझमच्या खुणा मोठ्या माणसांतही असतात. मीराला आपण पुढे काय होणार ते आधी चित्रात दाखवतो ना? तसं करून बघ."

रविवारी लेकीचा, अनुपमाचा साखरपुडा होता. बाप मधेच उठून गेला तर मुलाकडचे अपमान समजणार आणि जुळलेलं मोडणार, या धास्तीने वनमालाची झोप उडाली होती. आता ती घरी अक्षरशः धावत सुटली. कॅलेंडरच्या पाठीवर तिने पाच चौकोन काढले. पाहुणे, चहा, ओटी, अंगठी, जेवण.

"वाजंत्री?" दत्तारामने विचारलं.

"नाही. आणि तुमची आमटी वेगळ्या वाटीत."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "हे असं आधी आजवर कधी का नाही सांगितलंस?"

वनमालाला हसू आलं आणि रडूही.

रविवारी गडी झकास बसला. चार चौकोन पार पडले. वनमाला मनातल्या मनात नाचत होती, तेवढ्यात मुलाचे वडील जयवंतराव हात पसरून उठले. "या व्याही, गळाभेट होऊन जाऊ दे."

व्याहीभेट कागदावर काढायची राहूनच गेली होती. दत्ताराम उठला. त्याने दाराकडे बघितलं. अनुपमाचा चेहरा पांढरा पडला.

मग त्याने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली आणि उभ्याउभ्याच सहावा चौकोन आखला. आत दोन माणसं, हात जोडलेली, मधे चांगलं हातभर अंतर. कागद त्याने जयवंतरावांपुढे धरला.

जयवंतरावांनी चष्मा लावून तो नीट बघितला. मग त्यांनी दोन पावलं मागे घेतली आणि हात जोडले. दत्तारामनेही जोडले.

"आता जेवण," तो म्हणाला.