जगायला गेले
दिवाळी सरली आणि वीटभट्टीवाल्यांचे टेम्पो पाड्यात शिरले, की डिझेलच्या त्या वासाने माझं डोकं आजही फिरतं. तेव्हा मी मोखाड्याजवळच्या एका शाळेत शिकवत होते आणि हजेरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरत होते. वर्गातल्या एका मुलीची आई तिला घेऊन भट्टीवर निघाली होती. काखेत गोधडी, टोपलीत कोंबडी. परत कधी येणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पोरीचा नाव काढू नको, बाई. आमी मराया नाय, जगाया चाललू." सॉफ्टवेअरमधल्या गैरहजेरीच्या कारणांच्या यादीत मात्र दोनच पर्याय होते, 'आजारी' आणि 'शाळा सोडली', दुसरा दाबला की नाव पटावरून उडायचं. त्या सॉफ्टवेअरचा कोड खुला होता. कोणीही सुधारणा पाठवा, नवख्यांचं स्वागत आहे, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. टेकडीवर रेंज शोधत, व्हिडिओ बघत, पंधरा दिवस खपून मी नाव पटावर ठेवणारा तिसरा पर्याय लिहून पाठवला: 'जगायला गेले'. शहरात बसून कोड तपासणाऱ्या गृहस्थांनी कळवलं, "कोड उत्तम. शब्द मात्र गावंढळ वाटतो. 'अनियमित' करा, लगेच घेतो." मी लॅपटॉप धाडकन मिटला. दोन दिवस धुमसले, आणि पोरीचं नाव तरी वाचेल म्हणून शब्द बदलला. होळीला ती परतली, तेव्हा तिचं नाव पटावर होतं. पण अजूनही त्या यादीत 'अनियमित'च दिसतं, आणि कोडमधली ती ओळ कुणी लिहिली म्हणून नोंद पाहावी, तर तिथे नाव माझं आहे.